फँटसी बेसबॉल आणि फँटसी फुटबॉल: गुण कसे मोजतात आणि त्यावरून संघ कसा निवडायचा

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला ऑगस्ट आला की ऑफिसातलं कुणीतरी हमखास विचारतं, "आमच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये येतोस का?" फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, आणि फँटसी म्हणजे खऱ्या खेळाडूंचा आपला कागदी संघ करून त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर गुण मिळवणं. मार्चमध्ये तोच प्रश्न बेसबॉलसाठी येतो. क्रिकेटचे आकडे लहानपणापासून तोंडपाठ असलेल्यांना हे दोन्ही खेळ जमतात, आणि दोन्ही खेळावेत असंच मी सांगेन. मात्र एक आला म्हणजे दुसरा आलाच, असं धरून ड्राफ्टला, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडायला, बसू नका. फुटबॉलमध्ये गुणांची बेरीज होते. बेसबॉलच्या मूळ पद्धतीत आकड्यांची थेट बेरीज होत नाही, प्रत्येक प्रकारात तुमचा क्रमांक लागतो आणि त्या क्रमांकाचे गुण मिळतात. एवढ्या एका फरकामुळे कुठला खेळाडू घ्यायचा, कुणाला सोडायचं, केव्हा अदलाबदल करायची, हे सगळं बदलतं.

फँटसी क्रिकेट खेळणाऱ्यांसाठी आधी थोडं

भारतातल्या फँटसी क्रिकेट ॲपवर प्रत्येक सामन्यासाठी नवा संघ लावतात. एकच लोकप्रिय फलंदाज लाखो जणांच्या संघात असू शकतो आणि कॅप्टनला दुप्पट गुण मिळतात. अमेरिकेतली हंगामी लीग वेगळी असते. साधारण दहा किंवा बारा जण असतात, हंगामाआधी एकदा ड्राफ्ट होतो आणि एक खेळाडू एकाच संघात जातो. तुम्ही घेतलात की तो बाकीच्यांना मिळत नाही. कॅप्टन नाही, दुप्पट गुण नाहीत. ड्राफ्टनंतर जे उरतात त्यांच्यातून हंगामभर भरती करता येते आणि दुसऱ्या संघाशी खेळाडूंची अदलाबदलही करता येते.

याहू आणि ईएसपीएनवर अशा लीग फुकट चालवता येतात. भारतात राहून खेळणार असाल तर फुकटचीच घ्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

पायरी १: खेळाडूंच्या याद्या बाजूला ठेवा, सेटिंगचं पान उघडा

इंटरनेटवरच्या 'टॉप २००' याद्या कुठल्यातरी एका गुणपद्धतीसाठी बनवलेल्या असतात. ती तुमच्या लीगची असेलच असं नाही. म्हणून लीगचं सेटिंगचं पान उघडून पाच गोष्टी कागदावर उतरवा: गुणांची पद्धत कोणती, संघ किती, प्रत्येक जागेवर किती खेळाडू उतरवायचे, लाइनअप, म्हणजे उतरवलेल्या खेळाडूंची यादी, रोज बदलता येते की आठवड्यातून एकदाच, आणि सामन्यांवर किंवा इनिंगवर हंगामाची काही मर्यादा आहे का. शेवटची गोष्ट फुटबॉलमध्ये सहसा नसतेच. बेसबॉलमध्ये मात्र तिच्यावर हंगाम फिरू शकतो.

पायरी २: फुटबॉलचा हिशेब

हा सोपा आहे, म्हणून आधी उरकू. साधारण दर असे असतात. क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून पास देणाऱ्याला, पासच्या २५ यार्डांना १ गुण आणि पासवर झालेल्या टचडाउनला (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला) ४. धावत किंवा पास झेलून मिळवलेल्या १० यार्डांना १ गुण आणि टचडाउनला ६. इंटरसेप्शन झाला, म्हणजे पास समोरच्यांनी झेलला, तर साइटनुसार उणे १ किंवा उणे २, फंबल होऊन, म्हणजे हातातून निसटून, चेंडू समोरच्यांकडे गेला तर उणे २. किकरला अंतराप्रमाणे ३ ते ५ गुण. डिफेन्समध्ये एकेक खेळाडू न घेता अख्ख्या संघाचा डिफेन्स एक जागा म्हणून घेतात.

समजा, तुमच्या क्वार्टरबॅकने ३०० यार्ड फेकले, दोन टचडाउन दिले आणि एक इंटरसेप्शन झाला. १२ अधिक ८ वजा २, म्हणजे १८. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, ८० यार्ड धावला, एक टचडाउन केला आणि चार पास झेलून ३० यार्ड मिळवले. ८ अधिक ६ अधिक ३, म्हणजे १७.

आता खरा प्रश्न: झेललेल्या प्रत्येक पासला वेगळा गुण आहे का? पूर्ण १ गुण असेल तर त्या लीगला पीपीआर म्हणतात, अर्धा असेल तर हाफ पीपीआर, काहीच नसेल तर स्टँडर्ड. वरचा रनिंग बॅक पीपीआरमध्ये १७ वरून २१ वर जातो. एका सामन्यात हा फरक किरकोळ वाटेल, म्हणून दोन अख्खे हंगाम घेऊ. टेनेसी टायटन्सचा डेरिक हेन्री २०२० मध्ये २,०२७ यार्ड धावला, १७ टचडाउन केले आणि १९ पास झेलून ११४ यार्ड मिळवले. लॉस एंजेलिस रॅम्सच्या कूपर कपने २०२१ मध्ये १४५ पास झेलून १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन मिळवले. फक्त एवढेच आकडे धरले तर स्टँडर्डमध्ये हेन्री ३१६.१ आणि कप २९०.७. हाफ पीपीआरमध्ये हेन्री ३२५.६, कप ३६३.२. पूर्ण पीपीआरमध्ये हेन्री ३३५.१, तर कप ४३५.७. कपला एक सामना जास्त मिळाला होता, कारण २०२१ पासून हंगाम १६ ऐवजी १७ सामन्यांचा झाला. पण शंभर गुणांची दरी एका सामन्याने पडत नाही. सेटिंगमधली एक ओळ बदलली आणि मागे असलेला माणूस बराच पुढे गेला.

दुसरी गोष्ट नवख्यांना गोंधळात टाकते. सर्वांत जास्त गुण बहुधा क्वार्टरबॅक मिळवतात, तरी जाणकार त्यांना पहिल्या फेरीत घेत नाहीत. बारा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकी एकच क्वार्टरबॅक उतरवायचा असतो, म्हणजे बारा पुरतात, आणि एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये, संघच ३२ आहेत. बारावा क्वार्टरबॅकही बरे गुण देतो. चांगले रनिंग बॅक मात्र लवकर संपतात. तुमच्या लीगमध्ये दुसरा क्वार्टरबॅक उतरवायची सोय असेल, ज्याला सुपरफ्लेक्स म्हणतात, तर हे गणित उलटं होतं आणि क्वार्टरबॅक पहिल्या फेरीतच उचलावे लागतात.

फुटबॉलमध्ये दर आठवड्याला तुमची गाठ एका संघाशी असते. ज्याची बेरीज जास्त तो जिंकला. एक गुणाने जिंका की साठ गुणांनी, तक्त्यात एकच विजय. प्रत्येक खेळाडू आठवड्याला एकदाच मैदानात उतरतो आणि हंगामात एक आठवडा त्याच्या संघाला सुट्टी असते, तिला बाय म्हणतात. नियमित फेरी चौदा-पंधरा आठवड्यांत संपते, मग बाद फेरी. इतक्या थोड्या सामन्यांत नशिबाचा वाटा मोठाच राहतो. म्हणून इथे कागदावरच्या बारीक हिशेबापेक्षा दुखापतींच्या बातम्यांवर वेळ घालवलेला बरा.

पायरी ३: बेसबॉलची मूळ पद्धत, रोटो

इथे सावकाश वाचा. रोटो म्हणजे रोटिसरी. लेखक-संपादक डॅनिएल ओक्रेंट आणि त्यांचे मित्र न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या 'ला रोटिसरी फ्रान्सेज' या रेस्टॉरंटमध्ये जमायचे, त्यावरून हे नाव पडलं. १९८० मध्ये त्यांनी पहिला हंगाम खेळला. सुरुवातीला आठ प्रकार होते, पुढे रन आणि स्ट्राइकआउट यांची भर पडून दहा झाले. आज याला पाच बाय पाच म्हणतात.

फलंदाजीचे पाच: बॅटिंग ॲव्हरेज, होमरन म्हणजे एकाच फटक्यात चारही बेस घेऊन मिळवलेली धाव, रन, आरबीआय म्हणजे आपल्या फटक्याने घरी आणलेल्या धावा, आणि स्टील म्हणजे चोरलेले बेस, फटका नसताना पळून गाठलेले. पिचिंगचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पिचरचे पाच: विन म्हणजे संघ जिंकल्यावर एका पिचरच्या नावावर लागणारा विजय, सेव्ह म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखणं, स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणं, ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगला पिचरच्या नावावर लागलेल्या धावा, आणि व्हिप म्हणजे दर इनिंगला हिट (बेस गाठून देणारा फटका) किंवा वॉकने (चार खराब चेंडूंवर मिळणारा फुकटचा बेस) बेसवर गेलेले बॅटर. व्हिपचं हे मोजमापही ओक्रेंट यांनीच या खेळासाठी शोधलं, आणि आता ते खऱ्या बेसबॉलच्या प्रक्षेपणातही दिसतं.

क्रिकेटवाल्यांनी दोन ठिकाणी जपायचं. बेसबॉलचं ॲव्हरेज म्हणजे बाद होण्यामागे धावा नव्हेत. हिटना अधिकृत ॲट-बॅटनी, म्हणजे फलंदाजीच्या पाळ्यांनी, भागून ते काढतात आणि वॉक त्यात धरत नाहीत. ०.३०० म्हणजे उत्तम. आणि पिचरची ५.१ इनिंग म्हणजे पाच पूर्ण आणि सहावीतल्या तीनपैकी एक आउट, म्हणजे पाच आणि एक तृतीयांश. षटकांच्या ५.१ ची सवय असल्याने हे आपल्याला चटकन कळतं, पण कॅल्क्युलेटरवर तसंच ५.१ टाकलं की ईआरए चुकतो.

आता गुण. शाळेत समजा मार्क बघितलेच नाहीत, फक्त प्रत्येक विषयातला नंबर धरला आणि त्यावर निकाल लावला, तर जे होईल ते रोटोमध्ये होतं. बारा संघ असतील तर होमरनमध्ये पहिला येणाऱ्याला १२ गुण, दुसऱ्याला ११, शेवटच्याला १. असे दहा प्रकार. जास्तीत जास्त १२०, कमीत कमी १०. बरोबरी झाली तर त्या जागांचे गुण वाटून घेतात. आठवड्याची गाठ नाही, प्रतिस्पर्धी नाही. हंगामाच्या शेवटच्या दिवशी ज्याचे गुण सर्वांत जास्त तो विजेता.

याचा परिणाम बघा. समजा ऑगस्टमध्ये तुमच्याकडे २९० होमरन आहेत आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघाकडे २५०. तुम्हाला १२ गुण मिळतात. ३०० झाले तरी १२च. इकडे स्टीलमध्ये तुमचे ११५ आहेत आणि तुमच्या जरा वर चार संघ ११८, १२१, १२४ आणि १२६ वर दाटीने बसले आहेत. आता एक मोठा होमरनवाला देऊन बेस चोरणारा वेगवान खेळाडू घ्या. होमरनमधली तुमची आघाडी थोडी घटेल पण पहिला नंबर टिकेल. स्टील बाराने वाढले तर चार जागा, म्हणजे चार गुण वर जाल. खेळाडूंच्या नावाकडे बघून हा व्यवहार तोट्याचा वाटतो. तक्त्याकडे बघून तो घ्यायलाच हवा असतो. फुटबॉलमध्ये अशी संधी मिळत नाही, कारण तिथे कुठल्याही मार्गाने आलेला गुण सारखाच.

म्हणून जून संपला की दर आठवड्याला दहाही प्रकार उघडून दोन आकडे लिहा: वरच्या संघापर्यंत किती अंतर, खालच्यापासून किती. जिथे वर दाटी आहे तिथे ताकद लावा. जिथे खाली मोकळं आहे तिथून खेळाडू काढा.

पायरी ४: ॲव्हरेज, ईआरए आणि व्हिप वेगळ्या डोळ्याने बघा

होमरन वाढतच जातात, ॲव्हरेज वरही जातं आणि खालीही. फिलाडेल्फियाच्या काइल श्वार्बरने २०२३ मध्ये ४७ होमरन मारले, १०८ रन, १०४ आरबीआय. पण ॲव्हरेज ०.१९७, म्हणजे ५८५ ॲट-बॅटमध्ये ११५ हिट. त्याच वर्षी मायामीच्या लुइस अराइझचं ॲव्हरेज होतं ०.३५४, म्हणजे ५७४ मध्ये २०३ हिट. होमरन मात्र फक्त १०.

तुमच्या संघाचे हंगामात ७,००० ॲट-बॅट होतात आणि बाकीचे मिळून ०.२६० ने खेळतात असं धरू. श्वार्बर आला की संघाचं ॲव्हरेज ०.२५५ वर येतं. अराइझ आला तर ०.२६८. बारा संघांच्या लीगमध्ये एवढ्या अंतरात बरेच संघ मावतात. दोघांनाही घेतलं तर ०.२६२, शिवाय ५७ होमरन. रोटोमध्ये जोड्या लावण्याचं सुख असं असतं, आणि मला हा खेळ सर्वांत जास्त आवडतो तो यासाठीच. एकट्या खेळाडूची किंमत ठरवता येत नाही. तो कुणाबरोबर बसणार, हे बघावं लागतं.

विनचा प्रकार मात्र मला अन्यायाचा वाटतो. न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमने २०१८ मध्ये १.७० च्या ईआरएने २१७ इनिंग टाकल्या, २६९ स्ट्राइकआउट घेतले आणि त्याच्या नावावर विन किती? १०, आणि पराभव ९. त्याचे फलंदाजच धावा करत नव्हते. अनेक लीगनी म्हणून विनऐवजी क्वालिटी स्टार्ट घेतला आहे: सुरुवात करणाऱ्या पिचरने किमान सहा इनिंग टाकाव्यात आणि त्याच्या नावावर तीनपेक्षा जास्त धावा लागू नयेत. तुमच्या लीगमध्ये काय आहे ते पाहा, कारण कमकुवत संघातल्या चांगल्या पिचरची किंमत यावर ठरते.

पायरी ५: हेड-टू-हेड, दोन तऱ्हांचं

बेसबॉललाही आता फुटबॉलसारखी आठवड्याची गाठ लावतात. तिच्यात दोन पोटपद्धती आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात.

पहिली, कॅटेगरी. तेच दहा प्रकार, पण फक्त समोरच्या एका संघाशी तुलना. सहा जिंकले, तीन हरले, एक बरोबरीत, तर तुमच्या खात्यात ६-३-१. काही लीगमध्ये मात्र सहा जिंकले म्हणजे आठवड्याचा एकच विजय मिळतो, हे तपासून घ्या. इथे काही प्रकार मुद्दाम सोडता येतात. सेव्हसाठी क्लोजर, म्हणजे सामना संपवायला येणारे पिचर, घ्यायचेच नाहीत असं ठरवून त्या जागा सुरुवात करणाऱ्या पिचरना देता येतात. रोटोमध्ये एक प्रकार सोडणं म्हणजे बारापैकी एकाच गुणावर समाधान, आणि ते सहसा परवडत नाही.

आठवड्याच्या गाठीत ईआरए फार नाजूक असतो. आठवड्यात ४० इनिंग आणि १४ धावा, म्हणजे ३.१५. रविवारी एखादा पिचर दोन इनिंगमध्ये ७ धावा देऊन परतला, की झाले ४.५०. तोच प्रसंग रोटोमध्ये १,३०० इनिंगनंतर घडला तर ३.४६ चे ३.५० होतात. म्हणून आठवड्याच्या लीगमध्ये ईआरए आणि व्हिपमध्ये पुढे असाल आणि लीगने ठरवलेल्या किमान इनिंग पूर्ण झाल्या असतील, तर रविवारी कच्च्या पिचरला बेंचवरच ठेवा. रोटोमध्ये त्याला टाकू द्यायला फारशी हरकत नाही.

दुसरी, पॉइंट्स. ही फुटबॉलच्या सर्वांत जवळची, आणि फुटबॉलवरून येणाऱ्याने पहिल्या वर्षी हीच घ्यावी असं मी सुचवेन. समजा दर असे आहेत: मिळवलेल्या प्रत्येक बेसला १, रन, आरबीआय, वॉक आणि स्टीलला प्रत्येकी १, आणि फलंदाज स्ट्राइकआउट झाला की उणे १. होमरन म्हणजे चार बेस, म्हणून ४ गुण. २०२३ चे तेच दोघे घेऊ. श्वार्बर: २७७ बेस, १०८ रन, १०४ आरबीआय, १२६ वॉक, शून्य स्टील, २१५ स्ट्राइकआउट, एकूण ४००. अराइझ: २६९, ७१, ६९, ३५, ३ स्टील आणि अवघे ३४ स्ट्राइकआउट, एकूण ४१३. दहा होमरनवाला सत्तेचाळीसवाल्याच्या पुढे! आता 'स्ट्राइकआउटला उणे १' ही ओळ काढून टाका. श्वार्बर ६१५, अराइझ ४४७. फुटबॉलमध्ये पीपीआर जे करतं, ते बेसबॉलच्या पॉइंट्स लीगमध्ये ही एक ओळ करते. तुमच्या लीगमध्ये ती आहे का, हे आधी बघा.

पिचरचं गणित आणखी वेगळं. इनिंगला ३, स्ट्राइकआउटला १, विनला २, हिट आणि वॉकला उणे १, धावेला उणे २ असा दर धरा. सात इनिंग, ५ हिट, २ धावा, १ वॉक, ८ स्ट्राइकआउट आणि विन: २१ गुण. फलंदाजाचा झकास दिवस, एक होमरन, एक साधी हिट, २ रन आणि ३ आरबीआय, मिळून १०. पण पिचर पाच-सहा दिवसांतून एकदा उतरतो आणि फलंदाज जवळपास रोज. म्हणून ज्या आठवड्यात तुमच्या पिचरला दोनदा सुरुवात मिळणार आहे तो आठवडा सोन्याचा. लाइनअप आठवड्यातून एकदाच लावायची असेल तर रविवारी रात्री पुढच्या आठवड्याचं पिचरांचं वेळापत्रक पाहूनच झोपा.

शोहेई ओतानीचं मात्र आधी विचारून घ्या. तो बॅटिंगही करतो आणि पिचिंगही. काही साइट त्याला एकच खेळाडू धरतात, काही बॅटर ओतानी आणि पिचर ओतानी असे दोन वेगळे विकतात. नुसता बॅटर म्हणून २०२४ मध्ये त्याने ५४ होमरन मारले आणि ५९ बेस चोरले. ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर कुणाला घ्यायचं, हे या एका सेटिंगवर ठरू शकतं.

पायरी ६: ड्राफ्टआधी आपली यादी आपणच करा

स्प्रेडशीट उघडा. मागच्या दोन-तीन हंगामांचे आकडे आणा, म्हणजे एका वर्षाच्या सुदैवावर भिस्त राहणार नाही. जुने आकडे घेताना नियमही लक्षात ठेवा: २०२३ मध्ये बेस मोठे झाले, पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लागलं आणि बेसवरच्या धावपटूला आउट करायला पिचरने चेंडू फेकण्यावर मर्यादा आली, आणि मेजर लीगमधले, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल लीगमधले, स्टील २०२२ च्या २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. त्याआधी वर्षाला तीस बेस चोरणारा दुर्मीळ होता, आता तो तितका महाग घेऊ नये.

फुटबॉल किंवा पॉइंट्स लीग असेल तर प्रत्येक आकड्याला तुमच्या लीगच्या दराने गुणा, बेरीज करा, मग त्या जागेवरच्या शेवटच्या उतरण्याजोग्या खेळाडूची बेरीज त्यातून वजा करा. उरतं ते त्याचं खरं मोल. रोटो असेल तर बेरीज करू नका. दहा रकाने ठेवा, मागच्या वर्षी तुमच्या लीगमध्ये प्रत्येक प्रकारात तिसरा आलेल्या संघाचा आकडा वर लिहा, आणि खेळाडू घेत जाल तसा प्रत्येक रकाना भरत जा. ज्या रकान्यात मागे पडताय त्यातलाच पुढचा खेळाडू घ्या. सगळ्या प्रकारांत तिसरा म्हणजे शंभर गुण. त्यावर बहुतेक वर्षी लीग जिंकता येते.

इनिंगची मर्यादा

रोटो लीगमध्ये पिचिंगवर बहुधा मर्यादा असते, उदाहरणार्थ हंगामाला १,४०० इनिंग. सव्वीस आठवड्यांचा हंगाम धरला तर आठवड्याला साधारण ५४. ऑगस्टअखेर तुमच्या १,२५० संपल्या असतील तर उरलेल्या चार आठवड्यांत १५०, म्हणजे आठवड्याला ३७ - ३८ च. इथून पुढे इनिंग मोजूनच मिळणार, म्हणून दर नऊ इनिंगला सात स्ट्राइकआउट घेणाऱ्या पिचरला बसवा आणि अकरा घेणाऱ्याला टाकू द्या. १५० इनिंगमध्ये पहिल्याच्या दराने ११७ स्ट्राइकआउट होतात, दुसऱ्याच्या दराने १८३. ही ६६ ची तफावत सप्टेंबरमध्ये तक्त्यात दोन-तीन जागांची असू शकते, आणि ती मिळवायला नवा खेळाडूही लागत नाही, फक्त रोज लाइनअप लावताना उरलेल्या इनिंगचा आकडा समोर हवा.